बॉम्बरचे तिकीट

बोइंगच्या बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ या बॉम्बफेकी विमानात प्रवासी म्हणून शिरायचे, तर शेपटीच्या बाजूच्या लहानशा दारातून वाकून आत जावे लागते. आत भिंतींना अस्तर नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्याला आतून तोलून धरणाऱ्या कमानी, रिव्हेटच्या रांगा आणि शेपटीपर्यंत गेलेल्या नियंत्रणाच्या पोलादी तारा असे सगळे उघडे दिसते. विमान हवेत स्थिरावले की पट्टा सोडून पुढे वैमानिकांच्या कक्षाकडे जाता येते, पण वाट बॉम्बकक्षातून आहे. तिथे जेमतेम पाऊलभर रुंदीची पट्टी ओलांडायची, दोन्ही बाजूंना बॉम्ब टांगण्याच्या चौकटी आणि पायाखाली बॉम्बकक्षाची दारे. नऊ-नऊ सिलिंडरांची चार इंजिने, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची, एकदम चालू असताना शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. अशा अर्ध्या तासाच्या फेरीसाठी अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशन ही संस्था ४५० डॉलर घेत असे आणि ते देणाऱ्यांची कमतरता नव्हती. एकूण १२,७३१ बी-१७ बांधली गेली. आज उडण्याच्या स्थितीत असलेली हाताच्या बोटांवर मोजता येतील. दुर्मीळ वस्तूत बसून आकाशात जाण्याची ओढ समजण्यासारखी आहे, आणि ती केवळ हौस म्हणून उडवून लावण्याजोगी नाही. या प्रकरणात मला मांडायचे आहे ते एवढेच : अशी उड्डाणे बंद करण्याची गरज नाही, मात्र त्यांचा खरा धोका लोक समजतात तिथे नाही. तो जुन्या धातूपेक्षा तिकीट, दौऱ्याचे वेळापत्रक आणि तपासणीची सही यांच्या आपसातल्या नात्यात आहे. हे नाते बदलले नाही, तर प्रवाशाला विमानात घेण्याचा हक्क कोणालाही उरत नाही.

आधी कायद्याची बाजू पाहू. अमेरिकेत युद्धकालीन लष्करी विमानांना नागरी नोंदणी मिळते, पण मर्यादित स्वरूपाची. लष्कराच्या गरजेसाठी बांधलेले हे विमान प्रवासी विमानांच्या कसोट्यांना उतरलेले नसते, म्हणून त्यातून पैसे घेऊन माणसे नेण्यास नियमाने बंदी आहे. तरीही १९९०च्या दशकापासून तिथले विमानवाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, काही संस्थांना अपवाद म्हणून परवानगी देत आले. इतिहासाचा सजीव अनुभव लोकांना मिळावा, हे त्यामागचे कारण. दुसरे कारण रोकड्या हिशेबाचे होते. चार इंजिनांचे बॉम्बर तासाला शेकडो लिटर पेट्रोल पिते, सुटे भाग कारखान्यात मिळत नाहीत, ते हुडकावे लागतात किंवा नव्याने घडवावे लागतात. देणग्यांवर एवढा पसारा चालत नाही. प्रवाशाने दिलेले पैसे विमानाला हवेत ठेवतात, ही गोष्ट खरी आहे. पण त्याच पैशासाठी विमान जास्त उडते, जास्त झिजते आणि गावोगाव फिरते. आपल्या हँगरपासून, ओळखीच्या हत्यारांपासून आणि सुट्या भागांच्या कोठारापासून लांब, दोन दिवस या विमानतळावर तर तीन दिवस पुढच्या, असा त्याचा उन्हाळा जातो. तिकिटे आगाऊ विकली गेलेली असतात. एखादे इंजिन कुरकुरले, तर फेरी रद्द करून पैसे परत करायचे की ‘चालेल एवढे’ म्हणायचे, हा निर्णय अशा वेळी घ्यावा लागतो.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकट राज्यातील ब्रॅडली विमानतळावर या निर्णयाची किंमत दिसली. कॉलिंग्ज फाउंडेशनचे ‘नाइन-ओ-नाइन’ हे बी-१७ तीन कर्मचारी आणि दहा प्रवासी घेऊन सकाळी पावणेदहाच्या सुमारास उडाले. त्या सकाळी इंजिन सुरू करतानाच अडचण आली होती. उड्डाणानंतर काही क्षणांतच उजव्या पंखावरचे बाहेरचे, म्हणजे चार क्रमांकाचे इंजिन दम सोडू लागले. वैमानिकाने ते बंद केले आणि विमान परत वळवले. त्याच पंखावरचे तीन क्रमांकाचे इंजिनही पूर्ण ताकद देत नव्हते. अशा अवस्थेत चाके लवकर खाली सोडली गेली. हवेचा विरोध वाढला, वेग घसरला, विमान धावपट्टीच्या सुमारे हजार फूट अलीकडे दिव्यांच्या खांबांवर आदळले आणि पुढे घसरत जाऊन बर्फ वितळवण्याच्या द्रवाच्या टाकीला धडकून पेटले. उड्डाणापासून अपघातापर्यंत पाच-सहा मिनिटे गेली होती. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी गेले. एनटीएसबी या तपास मंडळाने २०२१मध्ये अहवाल दिला. इंजिन बंद केल्यानंतर वेग आणि विमानाची रचना नीट सांभाळली गेली नाही, हे त्यात प्रमुख कारण ठरले. त्याच्या जोडीला दौऱ्यावरची अपुरी देखभाल, संस्थेची कुचकामी सुरक्षा व्यवस्था आणि त्या व्यवस्थेवर एफएएने ठेवलेली ढिली देखरेख ही कारणेही मंडळाने नोंदवली. त्याआधीच, मार्च २०२०मध्ये, एफएएने संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली होती.

त्या देखभालीत नेमके काय राहून गेले, ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळा युक्तिवाद तिथेच उभा राहतो. पिस्टन इंजिनाच्या विमानात ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारे मॅग्नेटो नावाचे यंत्र ती पुरवते. खबरदारी म्हणून अशी दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. डाव्या मॅग्नेटोने दगा दिला तर उजवे इंजिन चालू ठेवते, ताकद थोडी कमी होते एवढेच. मॅग्नेटो बंद करायचे तर एका तारेने ते इंजिनाच्या धातूला जोडतात, की ठिणगी मरते. ‘नाइन-ओ-नाइन’च्या चार क्रमांकाच्या इंजिनात डाव्या मॅग्नेटोची ही तार साध्या बांधणीच्या तारेने कशीबशी अडकवलेली होती. ती सुटून आवरणाला टेकली होती, म्हणजे मॅग्नेटो आपोआप बंदच झाले होते. सगळा भार उजव्यावर आला. त्याच्या आतले, सूक्ष्म फटीने उघडझाप करणारे संपर्क-बिंदू तपासले, तेव्हा ती फट हवी त्याच्या निम्म्याहूनही कमी भरली. चाचणीत नऊपैकी चार सिलिंडरांना ठिणगी क्षीण मिळत होती किंवा मिळतच नव्हती. तीन क्रमांकाच्या इंजिनातले सगळे स्पार्क प्लग काजळलेले होते, एकाचीही फट मापात नव्हती. या यादीत १९४५च्या धातूची एकही भेग नाही. फट मोजण्याच्या पातळ पट्टीने, स्वच्छ फडक्याने आणि नव्या तारेने दुरुस्त होतील अशा या गोष्टी आहेत. विमान म्हातारे होते म्हणून पडले, असे म्हणणाऱ्याने ही यादी पुन्हा वाचावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. मुरलेला वैमानिक हीच जुन्या विमानाची खरी सुरक्षा, असे या क्षेत्रातले बरेच लोक मनापासून मानतात, आणि त्यात तथ्यही आहे. या विमानांचे स्वभाव पुस्तकातून कळत नाहीत. पण ब्रॅडलीच्या मुख्य वैमानिकाच्या नावावर एकट्या बी-१७चे सुमारे ७,३०० तास होते. एवढा अनुभव असलेला दुसरा माणूस शोधूनही सापडणे कठीण. तोच संस्थेच्या देखभालीचा प्रमुखही होता. म्हणजे विमान उडण्यायोग्य आहे असे ठरवणारा आणि ते उडवणारा माणूस एकच. आपल्याकडे एसटीचा चालक आगारातून गाडी बाहेर काढतो, पण ब्रेक तपासून गाडी पास करणारा कारागीर वेगळा असतो. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याने पकडावे, हाच त्या विभागणीचा अर्थ. अनुभवी माणसाला ही विभागणी अविश्वासासारखी वाटू शकते. पण ती नवख्यापेक्षा अनुभवी माणसासाठीच जास्त गरजेची आहे, कारण ‘यापूर्वी अशाच आवाजावर घरी आलो आहे’ ही आठवण त्याच्याजवळ असते आणि ती त्याला पुढे ढकलते.

विशेष म्हणजे हा धडा पहिल्यांदा दिला तो बी-१७नेच. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर या विमानाचा पहिला नमुना, मॉडेल २९९, लष्करासमोर चाचणीसाठी उडाला आणि लगेच कोसळला. इंजिने उत्तम होती, वैमानिक निष्णात होते. उभ्या विमानाची नियंत्रणे वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ उड्डाणापूर्वी काढायची राहिली होती. त्यातून लष्कराच्या वैमानिकांनी जो मार्ग काढला, तो पुढे सगळ्या जगाच्या विमानवाहतुकीने उचलला : उड्डाणापूर्वीची, उतरण्यापूर्वीची, छापील, एकेक बाब म्हणून पुरी करायची यादी. हुशारीवर विसंबू नका, क्रमावर विसंबा, हे बी-१७च्या जन्मकथेतच लिहिले आहे. या विमानाचा इतिहास जपण्याचा दावा करणाऱ्यांनी त्याचा पत्रा आणि रंग जपावेत, पण ही शिस्त आधी जपावी. ‘नाइन-ओ-नाइन’चा तर रंगही उसना होता. ते नाव मिरवणारे मूळ विमान इंग्लंडहून १४० मोहिमांवर गेले आणि युद्धानंतर भंगारात निघाले. त्याचे नाव ल्यालेले हे विमान १९४५मध्ये तयार झाले, लढाईत उतरलेच नाही. १९५२मध्ये नेवाडातील अणुचाचण्यांचे धक्के सोसून, नंतर वणवे विझवण्याचे काम करून ते संस्थेकडे आले होते. त्याची ही खरी कहाणीही सांगण्याजोगी होती.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. एवढाच धोका असेल, तर ही विमाने जमिनीवर उभी करा, संग्रहालयात काचेआड ठेवा, उडवता कशाला? मला हा आक्षेप अधिक वजनाचा वाटतो, कारण धातूचे वय ही काही कल्पना नव्हे. २०२१मध्ये अमेरिकेतील ईएए या संस्थेने आपले ‘अ‍ॅल्युमिनम ओव्हरकास्ट’ हे बी-१७ पंखाच्या जोडणीत दोष दिसल्यामुळे थांबवले, आणि २०२३मध्ये एफएएने सगळ्याच बी-१७च्या पंखांच्या जोडण्या तपासण्याचा आदेश काढला. शिवाय एक विमान गेले की जगातून तेवढी संख्या कायमची घटते. नोव्हेंबर २०२२मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात ‘टेक्सास रेडर्स’ हे बी-१७ आणि एक किंगकोब्रा लढाऊ विमान हवेत धडकले. सहा माणसे गेली, आणि दोन्ही विमानेही. पण या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. पंखाच्या जोडणीतला दोष तपासणीत सापडला, विमान थांबले, कोणाचा जीव गेला नाही. डॅलसची धडक हवेतल्या फेऱ्यांच्या आखणीतून ओढवली, गंजातून नव्हे. धातू म्हातारा होतो तेव्हा तो खुणा देतो. त्या पाहायला वेळ आणि स्वतंत्र नजर असेल, तर त्याच्याशी जमवून घेता येते. ‘फिफी’ या बी-२९ विमानाचे उदाहरण घ्या. या जातीच्या विमानाची मूळ इंजिने युद्धातही पेट घेण्यासाठी कुप्रसिद्ध होती. २००६मध्ये ते विमान थांबवले गेले आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांचे भाग जुळवून खास बांधलेली इंजिने बसवून २०१०मध्ये पुन्हा उडाले. अस्सलपणाचा हट्ट थोडा सोडून जीव जपला, हा माझ्या मते उत्तम सौदा होता.

विमान उडत राहिल्यामुळे टिकते, याला एक पुरावा आपल्याच देशातला आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी बी-२४ लिबरेटर ही बॉम्बफेकी विमाने कानपूरला सोडून दिली, तीही पुन्हा वापरता येऊ नयेत अशी मोडतोड करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या भंगारातून सुमारे चाळीस विमाने उभी केली, ती बंगळुरूला नेऊन दुरुस्त केली आणि १९४८पासून भारतीय हवाई दलाने वापरली. पुण्याच्या लोहगाव तळावरून सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनची लिबरेटर समुद्रावर गस्त घालत. १९६८मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा जगात इतरत्र या जातीची विमाने जवळजवळ संपली होती; १८ हजारांहून अधिक बांधली गेली असताना. आज परदेशी संग्रहालयांत दिसणारी काही लिबरेटर, त्यांत ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलेही एक, भारतीय हवाई दलाने दिलेली आहेत. आणि कॉलिंग्ज फाउंडेशनचे ‘विचक्राफ्ट’, त्या काळी जगात उडत असलेल्या दोन लिबरेटरपैकी एक, ज्यातून वर्षानुवर्षे अमेरिकन प्रवाशांनी तिकीट काढून फेऱ्या मारल्या, तेही भारतातच वापरले गेलेले होते. कानपूरच्या त्या कारागिरांनी वस्तू जपण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी दुरुस्त केली, म्हणून ती जपली गेली. शिवाय चालत्या इंजिनासोबत ते चालवणारी, ऐकणारी, उघडून जोडणारी माणसे तयार होत राहतात. उभ्या विमानाच्या इंजिनात खालच्या सिलिंडरांत तेल साचते, म्हणून सुरू करण्याआधी पंखे हाताने फिरवून घ्यावे लागतात आणि हाताला कुठे अडते ते जाणवावे लागते. ही जाण काचेआडच्या विमानाजवळ कोणाला येणार? संग्रहालये हवीतच, आणि बहुतेक विमाने तिथेच असावीत. मात्र सगळीच तिथे गेली, तर ही विद्या एका पिढीत संपेल.

तिसरे म्हणणे स्वातंत्र्याचे आहे : सज्ञान माणसाने धोका समजून घेऊन सही केली, तर सरकारने मध्ये का पडावे? गिर्यारोहणाला आपण बंदी घालत नाही. ब्रिटनमध्ये दोन आसनी स्पिटफायरमधून पैसे घेऊन प्रवासी नेतात, तिथेही प्रवाशाला धोका समजावून त्याची लेखी संमती घेतली जाते. संमतीचे हे तत्त्व मला मान्य आहे, पण ती कशाला दिली जाते हे पाहायला हवे. हे विमान प्रवासी विमानाच्या कसोटीचे नाही, आग लागली तर बाहेर पडायला नीट वाट नाही, हे प्रवाशाला सांगता येते आणि त्यावर तो हो किंवा नाही म्हणू शकतो. मॅग्नेटोतली फट निम्म्यावर आली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाच ते माहीत नसते किंवा जाणून घ्यायचे नसते. न सांगितलेल्या गोष्टीला संमती देता येत नाही. गिर्यारोहक आपला दोर स्वतः तपासतो. बॉम्बरच्या प्रवाशाला इंजिनाचे झाकण उघडून पाहता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने पाहणारा कोणीतरी हवा, आणि तो तिकीट विकणाऱ्याच्या पगारावरचा नसावा.

आता या उड्डाणातून युद्ध कळते का, हा प्रश्न. प्रामाणिक उत्तर असे की युद्ध कळत नाही. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग या जर्मन शहरांवर ३७६ बी-१७ पाठवली गेली, त्यांतली ६० परतली नाहीत. एकेका विमानात दहा जण असत. पंचवीस हजार फुटांवर, उणे चाळीस अंशांच्या थंडीत, प्राणवायूचा मुखवटा लावून आठ-आठ तास बसलेल्या त्या विशीतल्या पोरांचे भय उन्हाळी दुपारच्या, कमी उंचीवरच्या फेरीत कसे येणार? अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची २६ हजारांहून अधिक माणसे गेली, ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची ५५,५७३. आणि खाली जे होते ते तर विमानातून मुळीच दिसत नाही. जुलै १९४३च्या हल्ल्यांत एकट्या हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक नागरिक मेले. फेरीच्या माहितीपत्रकात वरच्यांची नावे असतात, खालच्यांची नसतात, आणि ही उणीव मला खरोखर खुपते. तरीही शरीराला कळणारी एक गोष्ट या विमानातच कळते : जागा. कॅनडाच्या हॅमिल्टन इथल्या वॉरप्लेन हेरिटेज संग्रहालयाच्या लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात पुढे जायचे तर पंखाचा आडवा कणा चढून ओलांडावा लागतो. साधे कपडे घातलेल्या, धडधाकट माणसाची तिथे तारांबळ होते. जाड कपडे, पॅराशूट, अंधार आणि गिरक्या घेत पडणारे विमान, यांत तो कणा ओलांडून कोण बाहेर पडले असेल, हे तिथे आकडा न वाचताच कळते. ते विमान अँड्र्यू मायनार्स्कीच्या स्मृतीला वाहिलेले आहे. जून १९४४मध्ये जळत्या लँकेस्टरच्या शेपटीत अडकलेल्या सोबत्याला सोडवण्यासाठी तो आगीतून मागे गेला, सोडवू शकला नाही आणि भाजून गेला. सोबती मात्र आश्चर्यकारकरीत्या वाचला. तो मागे गेला ती वाट किती अरुंद होती, हे त्या विमानात वाकून उभे राहिल्यावर समजते.

हॅमिल्टनचे लँकेस्टर मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. ते सप्टेंबर १९८८पासून उडते आहे; जगात उडू शकणाऱ्या दोन लँकेस्टरपैकी ते एक. त्यात संग्रहालयाचे सदस्य काही हजार डॉलर भरून बसतात, एका वेळी मोजकेच, आणि विमान बहुतेक वेळा आपल्याच हँगरमध्ये परतते. २०१४मध्ये ते अटलांटिक ओलांडून ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. तिथे एका इंजिनाने त्रास दिला, तेव्हा ठरलेले कार्यक्रम रद्द झाले, रॉयल एअर फोर्सच्या स्मृती-तुकडीने एक इंजिन उसने दिले, ते बसवल्यावरच विमान पुन्हा उडाले. तिकिटे घेतलेले हजारो लोक निराश झाले असतील. पण दौरा धोक्याचाच असतो असे नाही, थांबण्याची ताकद नसलेला दौरा धोक्याचा, हे इथे दिसते. थांबता येण्यासाठी गाठीला पैसा लागतो, सुटे इंजिन लागते आणि ‘आज नाही’ म्हणणाऱ्याचे ऐकले जाईल अशी रचना लागते. एवढे बंधन घातले तर लहान संस्था हे काम सोडून देतील, असे म्हणतात. काही सोडतील, हे मला मान्य आहे. त्यांची विमाने मोठ्या संस्थांकडे किंवा संग्रहालयांत जातील, तिकिटे महागतील, फेऱ्या घटतील. वैमानिक आणि तपासनीस वेगळे ठेवणे, ठरावीक तासांनंतर इंजिने बाहेरच्या तज्ज्ञाने उघडणे, रद्द झालेल्या फेरीचे पैसे परत करण्यासाठी वेगळी ठेव राखणे, आणि या सगळ्यावर एफएएसारख्या यंत्रणेने कागद तपासण्यापेक्षा विमानतळावर येऊन नजर ठेवणे, एवढ्या खर्चात जे विमान उडू शकत नाही, ते प्रवाशांविना, फक्त आपल्या कर्मचाऱ्यांसह उडवावे.